अराकानचे खासदार (भाग ५) : चॉ मिन यांचा उमेदवारी अर्ज

मागच्या भागातले एम. ए. गफ्फार हे ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीचे. तेव्हा अराकानातल्या बुथिडाँगचा रोहिंग्या मुसलमान संसदेत बसत होता, रंगूनच्या रेडिओवर रोहिंग्या भाषेतला कार्यक्रमही काही वर्षं चालला. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि संसदच गेली. चॉ मिन यांचं राजकारण त्यानंतरचं. त्यांचं दुसरं नाव शम्सुल अन्वारुल हक. अशी दोन नावं तिकडे घरोघरी असतात. पेशा शिक्षकाचा.

२७ मे १९९०च्या निवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या, एवढं जगाच्या लक्षात आहे. बांगलादेशच्या सीमेलगतच्या माँगडॉ आणि बुथिडाँगमधल्या चार जागा रोहिंग्यांच्या एका छोट्या पक्षाने जिंकल्या, ही नोंद मात्र तळटिपेत गेली. बुथिडाँगची एक जागा चॉ मिन यांची होती.

रोहिंग्यांची कोंडी सांगताना सगळे १९८२च्या नागरिकत्व कायद्याकडे बोट दाखवतात. १८२३ पूर्वीपासून देशात असलेल्या जमातींची जी यादी सरकारने मानली, तिच्यात रोहिंग्या नाहीत. पण १९९० साली हा कायदा आठ वर्षांचा झाला होता! तरीही लष्करी सरकारने त्यांचे अर्ज घेतले, मतं मोजली, निकाल लावला. माझ्या मते कायद्याइतकंच काम टेबलामागच्या कारकुनाने केलं. जुनी नोंदणी कार्डं जमा करून घेतली गेली आणि बहुतेक रोहिंग्यांना नवी मिळालीच नाहीत. १९९५ पासून हाती आलं ते तात्पुरतं पांढरं कार्ड.

निवडून आलेली संसद भरलीच नाही, चॉ मिन यांच्या पक्षावर बंदी आली. १९९८ साली सू ची यांच्या पुढाकाराने लोकप्रतिनिधींची समिती स्थापन झाली, तिच्यात चॉ मिन गेले. २००५ साली त्यांना अटक झाली आणि शिक्षा लागली ४७ वर्षांची. पत्नी, दोन मुली आणि मुलगा यांना प्रत्येकी १७ वर्षं. राजकारण बापाचं, तुरुंग सगळ्या घराला. धाकटी वाई वाई नू तेव्हा कायद्याची विद्यार्थिनी होती. आज रोहिंग्यांची बाजू जगापुढे मांडणाऱ्यांत तिचं नाव आघाडीवर आहे.

जानेवारी २०१२ मध्ये सगळे सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये राखाइन, म्हणजेच अराकान, दंगलींनी पेटलं. २०१५ साली पांढरी कार्डं रद्द झाली, त्यांच्यासोबत मताचा हक्कही गेला. बुथिडाँगचे तेव्हाचे खासदार श्वे माँग तर सत्ताधारी पक्षाचे. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांचाही उमेदवारी अर्ज बाद झाला. कारण काय, तर त्यांच्या जन्माच्या वेळी आईवडील नागरिक नव्हते म्हणे.

२०२० साली चॉ मिन आपल्या नव्या पक्षाचे अध्यक्ष म्हणून पुन्हा अर्ज भरायला गेले. सत्तेवर आता सू ची यांचाच पक्ष होता. आईवडिलांच्या नागरिकत्वाचं तेच कारण देऊन निवडणूक आयोगाने त्यांचा अर्ज फेटाळला.

(पुढील भागात : श्वे माँग)