विश्लेषण : एनडीएतून मूल मध्येच परत आले, तर पालकांपुढे काय?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) निवड झाली की चौकात अभिनंदनाचा फलक लागतो, शाळा सत्कार करते, नातेवाईक आतापासूनच ‘साहेब’ म्हणू लागतात. प्रशिक्षण अर्धवट राहून एखादा छात्र घरी परततो, तेव्हा मात्र सगळ्यांकडे एकच शब्द असतो : ‘काढलं’. प्रत्यक्षात परत पाठवण्याची कारणे निरनिराळी असतात. पालकांचे पैसे, मुलाचे हक्क आणि त्याची पुढची वाट हे सारे त्या कारणावर अवलंबून असते.

छात्राला परत का पाठवले जाते?

एनडीएचे प्रशिक्षण तीन वर्षांचे, म्हणजे सहा सत्रांचे असते. अभ्यासात किंवा मैदानी प्रशिक्षणात मागे पडलेल्या छात्राला आधी एक सत्र मागे ठेवले जाते. त्यानंतरही प्रगती झाली नाही तर प्रशिक्षण थांबते. दुसरे कारण शिस्तभंगाचे. तिसरे वैद्यकीय : प्रशिक्षणातील दुखापत किंवा आजारामुळे वैद्यकीय मंडळ छात्राला अपात्र ठरवते. यालाच ‘बोर्ड आउट’ म्हणतात. काही छात्र स्वतःहूनही प्रशिक्षण सोडतात.

पालकांनी कशावर सही केलेली असते?

प्रवेशावेळी छात्राचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असते. मूल दाखल होताना पालकांकडून दोन कागद घेतले जातात. पहिले प्रमाणपत्र : प्रशिक्षणात दुखापत, अपंगत्व किंवा मृत्यू ओढवल्यास सरकारकडे भरपाईचा हक्क सांगता येणार नाही, याची जाणीव असल्याचे. दुसरे बंधपत्र : खोटी माहिती दिल्याने, शिस्तभंगामुळे किंवा छात्राच्या आवाक्यातील कारणाने प्रशिक्षण अपुरे राहिले, तर झालेला खर्च आणि मिळालेले वेतन-भत्ते व्याजासह परत करण्याचे. रक्कम सरकार ठरवते आणि तिची जबाबदारी छात्र व हमीदार या दोघांवरही असते.

‘आवाक्यातील कारण’ हे बंधपत्रातील कळीचे शब्द. छात्राच्या हाताबाहेरच्या आजारपणामुळे परत यावे लागले, तर ही वसुली लागू होत नाही. स्वेच्छेने सोडल्यास मात्र ती होऊ शकते. म्हणूनच रागाच्या किंवा निराशेच्या भरात मुलाने राजीनामा लिहून देण्यापूर्वी पालकांनी बंधपत्राची प्रत काढून वाचणे गरजेचे ठरते.

जखमी होऊन परतलेल्यांना काय मिळते?

छात्राला अजून अधिकारपद मिळालेले नसते. त्यामुळे प्रशिक्षणात अपंगत्व आले तरी त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. निवृत्तिवेतनाऐवजी त्याला दरमहा सानुग्रह रक्कम दिली जाते. अपंगत्वाच्या प्रमाणानुसार ती बदलते आणि कमाल सुमारे ४० हजार रुपयांपर्यंत जाते. १९८५ पासून विविध लष्करी प्रशिक्षण संस्थांमधून असे सुमारे ५०० छात्र बाहेर पडल्याचे वृत्त ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने अशा छात्रांना माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेत (ईसीएचएस) सामावून घेतले. अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या उपचारांचा भार वर्षानुवर्षे उचलणाऱ्या आई-वडिलांसाठी हा मोठा दिलासा आहे. सानुग्रह रक्कम वाढवण्याचा मुद्दाही न्यायालयापुढे मांडला गेला.

पुन्हा लष्करात जाता येते का?

शिस्तभंगावरून काढलेल्या छात्राला लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षांना बसता येत नाही. अधिकाऱ्याला आवश्यक गुणांचा अभाव असा शेरा असल्यास डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीचे (आयएमए) दारही बंद होते. इतर कारणांनी परतलेल्यांनी त्या-त्या भरतीची अधिसूचना बारकाईने वाचावी. निर्णय अन्यायकारक वाटल्यास उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. मात्र त्यासाठी हाती कागद हवेत : कारण नमूद केलेला लेखी आदेश, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, सत्रनिहाय गुणपत्रके आणि बंधपत्राची प्रत. मूल घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच ते मागून घ्यावेत.

घरात काय करावे?

महाराष्ट्रात या स्वप्नाची तयारी फार लवकर सुरू होते. सातारा सैनिक शाळेत मूल सहावीपासून जाते. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत दहावीनंतर दोन वर्षे एनडीएचीच तयारी चालते. त्यामुळे विशीतल्या मुलाच्या हातून एक अभ्यासक्रम सुटतो, तेव्हा घराला आठ-दहा वर्षांची मेहनत वाया गेल्यासारखे वाटते. वडील चारचौघांत जायचे टाळतात. आई लोकांना ‘सुट्टीवर आलाय’ असे सांगते. हे लपवणे मुलाच्या लक्षात येते आणि आपली घरच्यांना लाज वाटते, असा अर्थ तो त्यातून काढतो.

त्यामुळे लोकांना काय सांगायचे, हे आधी मुलाशी बोलून ठरवावे. ‘प्रशिक्षण थांबले, आता पदवीचे बघतोय’ एवढे एक वाक्य पुरते. पहाटे उठण्यापासून दिवे मालवण्यापर्यंत ज्याचा प्रत्येक तास बांधलेला होता, त्याच्यापुढे अचानक रिकामा दिवस येतो. चौकशांचा मारा न करता त्या दिवसाला थोडा आकार द्यावा. महाविद्यालयाचा प्रवेश, जखमी असल्यास उपचारांच्या वेळा, संध्याकाळचे मैदान. तुकडीतल्या मित्रांचे दीक्षान्त संचलन जवळ येते, तो काळ विशेष जड जातो. त्या दिवसांत त्याला एकटे सोडू नये. झोप उडणे, जेवण तुटणे, जगण्यात अर्थ नसल्याची भाषा दिसली, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. पालकांनाही हा क्रमांक स्वतःसाठी वापरता येतो.