सीडर म्हणजे नेमके कोणते लाकूड? बर्ड फीडर बनवणाऱ्या कारागिरांसाठी

आम्ही कापडवाले. आमच्या धंद्यात 'सिल्क' या एका शब्दाखाली रेशीमही विकले जाते आणि आर्ट सिल्कही. अनुभवी व्यापारी नाव ऐकून सौदा करत नाही, तो ताग्याला हात लावून पाहतो. लाकडाच्या बाजारात 'सीडर' या शब्दाची तीच गत आहे.

हा विषय काढण्याचे कारण असे. पक्ष्यांना दाणा घालण्याच्या लाकडी पेट्यांना, म्हणजे बर्ड फीडरना, आता शहरात चांगली मागणी असते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी मोठे काम उभे केले आणि 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्या समाजात सुतारकाम जाणणारे तरुण पुष्कळ आहेत. घरबसल्या करता येईल असा हा धंदा आहे. मात्र गिऱ्हाईक 'सीडरचाच हवा' म्हणते, कारागीर त्या नावाचे मिळेल ते लाकूड उचलतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तक्रार येते. लहान कारागिराला अशा दोन तक्रारी पुरतात. नंतर ऑर्डर येत नाही.

एक नाव, झाडे अनेक

खरा सीडर म्हणजे आपला देवदार. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांत तो वाढतो. श्रीनगरच्या जामा मशिदीचे 378 खांब देवदाराचे आहेत आणि काश्मीरच्या हाउसबोटीही याच लाकडाच्या बांधतात. पाण्याशी रोजचा संबंध असूनही टिकणारे हे लाकूड आहे.

परदेशी फीडर ज्याचे असतात तो वेस्टर्न रेड सीडर. तो कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होतो. शास्त्राने पाहिले तर तो सीडर नव्हेच, वेगळ्या जातीचे झाड आहे. ऑस्ट्रेलियात ज्याला रेड सीडर म्हणतात ते तर आपल्याकडचे तून. तिन्ही लाकडे उपयोगी आहेत, पण वजन, भाव आणि गुण तिन्हींचे वेगळे.

वजनाचा अंदाज लक्षात ठेवावा. सुकलेला वेस्टर्न रेड सीडर घनफुटाला सुमारे साडेदहा किलो भरतो, देवदार 15 ते 16 किलो आणि सागवान 18 ते 19 किलो. फीडर फांदीला किंवा गॅलरीच्या गजाला टांगायचा असतो, म्हणून हलके लाकूड सोयीचे. खांबावर बसवायचा असेल तर देवदार बिनदिक्कत वापरावा.

माल पाहताना

पहिली गोष्ट गाभा. सीडर कुजत नाही, वाळवीला दाद देत नाही, ही कीर्ती त्याच्या आतल्या रंगीत गाभ्याची आहे. सालीलगतच्या फिकट भागात ते गुण नाहीत. फळीला पांढरी कड दिसली तर ती कापून टाकावी आणि ही घट भाव ठरवतानाच धरावी. कापडात कटपीस निघतो तसेच हे समजा.

दुसरी गोष्ट सुकेपणा. न धुतलेल्या कापडाचा सदरा शिवला तर पहिल्या धुण्यात आटतो. ओल्या फळीचा फीडर तसाच आटतो, सांधे उघडतात आणि दाणा भिजतो. एक फळी तोलून सावलीत ठेवा, आठवड्याने पुन्हा तोला. वजन उतरत असेल तर माल अजून कच्चा आहे. मार्चच्या ऑर्डरसाठी लाकूड फेब्रुवारीत घेणे म्हणजे उशीर झाला.

तिसरी गोष्ट बिल. देवदार हा हिमाचलचा राज्यवृक्ष असून त्याच्या तोडीवर वनखात्याचे निर्बंध आहेत. पक्के बिल आणि वाहतुकीचा परवाना पाहिल्याशिवाय स्वस्त मालाच्या मोहात पडू नये.

बनवताना

फळी पाऊण इंच जाड ठेवावी. पातळ फळी उन्हाने पिळवटते. छप्पर चारी बाजूंनी दोन इंच बाहेर काढावे आणि तळाला पाणी निथळण्यासाठी भोके पाडावीत. लोखंडी खिळे मारू नयेत. सीडरमधील द्रव्यांमुळे त्यांच्याभोवती निळे-काळे डाग पडतात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

आतून रंग, पॉलिश, वाळवीचे औषध काहीही लावू नये, कारण पक्षी तेथेच चोच घासतो. अमेरिकेत लाकूड टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त औषध सर्रास वापरले जाई; घरगुती कामाच्या लाकडासाठी ते 2003 अखेर बहुतांशी बंद झाले. सीडरचा खरा फायदा हाच की त्याला असल्या औषधाची गरज नसते. देवदारातून मात्र तेल पाझरते, त्यामुळे त्यावर पॉलिश नीट धरत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

आणि स्वतःची काळजी. वेस्टर्न रेड सीडरच्या भुशाने कारागिरांना दमा जडतो, हे सिद्ध झालेले आहे. तोंडाला चांगला मास्क लावून, मोकळ्या हवेत काम करावे. रोजीसाठी छाती गमावण्यात शहाणपण नाही.

नाव खरे सांगा

सीडर परवडत नसेल तर सागवानाचा किंवा फणसाचा फीडर करा. दोन्ही उत्तम लाकडे आहेत. फक्त लेबलवर सागवान किंवा फणस असेच लिहा. देवदार असेल तर देवदार लिहा. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात खोट करणाऱ्यांना ताकीद दिली आहे. आम्हाला वाटते, एका मालाच्या नावाखाली दुसरा माल देणे हीसुद्धा मापातलीच खोट आहे. मालातला ऐब सांगून विकणाऱ्याचा एखादा सौदा मोडेल, पण गिऱ्हाईक त्याच्याच दुकानी परत येते. पाखरांना दाणा घालणे सवाबाचे काम. त्या दाण्याची पेटीही हलाल कमाईची असावी, एवढेच आमचे म्हणणे.