कान्हेरीचें रान व पाणी

सहलीस जातांना काय पाहावयाचें तें आपण ठरवितों; तें तेथें कां आहे, हें क्वचितच विचारतों. मुंबईहून मोटारीनें बोरिवलीस गेल्यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व त्याच्या पोटांतील कान्हेरीचीं लेणीं एका दिवसांत पाहून होतात.

येथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. तिसऱ्या क्रमांकाचें भव्य चैत्यगृह इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील, यज्ञश्री सातकर्णीच्या काळचें होय. परंतु खरें नवल आहे तें लेण्यांच्या दारांशीं खोदलेल्या टाक्यांचें. पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने भिक्षूंनीं प्यावें काय? म्हणून कातळावरून धांवणारें पाणी पन्हळींनीं टाक्यांत उतरविलें. शिलालेखांत या टाक्यांस ‘पोढी’ म्हटलें असून, कल्याण व सोपारें येथील दात्यांचे उल्लेखही तेथें आढळतात.

पुढें याच डोंगरांत १८६० सालीं विहार व १८७९ सालीं तुळशी हे तलाव झाले. त्यांचें पाणी मुंबई अद्याप पिते. झाडांचीं मुळें पाऊस जिरवितात व माती धरून ठेवितात; रान तुटलें तर तलाव गाळानें भरतील. यास्तव बिबळ्याचें घर राखणें म्हणजे आपल्याच घरची घागर राखणें होय.