दातांच्या नोंदी आता संगणकावर

दुखरा दात दाखवायला आलेल्या रुग्णाला, डॉक्टर आधी संगणकात काय लिहीत बसले, असा प्रश्न पडतो. माझे रुग्णही तसे बोलून दाखवतात. म्हणून या नोंदीचे महत्त्व समजून घेऊ.

मोठ्या माणसाच्या तोंडात अक्कलदाढा धरून ३२ दात असतात. त्यांची नोंद दोन अंकांत करतात. पहिला अंक जबड्याच्या भागाचा, तर दुसरा समोरच्या मध्यरेषेपासून मोजलेल्या दाताचा. खालच्या उजवीकडची पहिली मोठी दाढ ४६, तर डावीकडची ३६. एक अंक चुकला तर किडक्या दाढेऐवजी चांगली दाढ निघू शकते! संगणकावर दातांचा तक्ता व एक्स-रे शेजारी शेजारी पाहता येतात. त्यामुळे दात काढण्यापूर्वी मी दोन्ही ताडून पाहतो आणि रुग्णालाही दाखवतो.

दुसरा फायदा हिरड्यांचा. दात व हिरडी यांमधील फट निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर खोल असते. गेल्या वर्षी ३ असलेली खोली यंदा ५ झाली, तर पायरियाची शंका येते. त्या वेळी दात दुखतही नसतो व हलतही नसतो. जुना आकडा हाताशी असेल तरच हा फरक कळतो.

मात्र संगणक रुग्णाने सांगितले तेवढेच जाणतो. मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण, पेनिसिलिनची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काहीही असल्यास प्रत्येक भेटीत सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. त्याने जिवाला धोका होऊ शकतो.

नोंदीत तारीख, दाताचा क्रमांक, भुलीचे औषध, केलेले उपचार व दिलेली औषधे असावीत. मागच्या भेटीचाच मजकूर पुन्हा चिकटवलेली नोंद निरुपयोगी असते.

२०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. तो ऐच्छिक असून त्यावरील नोंदी रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. हा क्रमांक नसला तरी उपचार संपल्यावर नोंदीची व एक्स-रेची प्रत मागून घ्यावी. गाव किंवा डॉक्टर बदलल्यास तिचा फार उपयोग होतो.