पोट तुंबतं आणि भान हरपतं

लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण. कालपर्यंत हिशेब चोख होता, आज घरातल्या घरात वाट चुकतो. दिवसा पेंगतो, रात्र जागून काढतो, सहीसुद्धा वेडीवाकडी येते. डॉक्टर त्याला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगतात, तर मनगटं क्षणभर गळतात, सावरतात, पुन्हा गळतात. मग ते घरच्यांना विचारतात, "पोट कधी साफ झालं होतं?" बिघाड डोक्यात, मग चौकशी पोटाची का?

कारण आतड्यात मेंदूला बाधणारा अमोनिया तयार होतो. वरणातलं, अंड्यातलं प्रथिन पचताना तो तुमच्या-माझ्या पोटातही रोज तयार होतो! मग आपण शुद्धीवर कसे राहतो? आतड्यातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृताच्या जकात नाक्यावर थांबतं. तिथे अमोनियाचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. हे चक्र क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलं.

हा नाका चुकवला तर? १८९३ मध्ये पावलोव्ह आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया करून कुत्र्यांचं आतड्यातलं रक्त यकृताला वळसा घालून नेलं. त्या कुत्र्यांना मांस खाल्ल्यावर गुंगी येई, झटके येत. सिरॉसिसमध्ये हेच शस्त्रक्रियेविना घडतं. यकृत आतून कडक होतं, रक्त आडवाटा शोधतं आणि अमोनिया थेट मेंदूत पोचतो. मेंदूतल्या तारकापेशी त्याचं ग्लुटामाइन करून टाकतात, पण ते पाणी ओढून घेतं आणि त्या पेशीच फुगतात.

एरवी तोल कसाबसा टिकतो. तो ढळायला किती साधं निमित्त पुरतं! बद्धकोष्ठ झालं की अमोनिया मुरायला जास्त वेळ मिळतो. अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली तर रक्त आतड्यात उतरतं, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे प्रथिनच! सिरॉसिसमुळे पोटात साठलेल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला किंवा झोपेची गोळी घेतली, तरी तेच.

सुरतेजवळच्या सचिनमध्ये, जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास, खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तिथल्या मे महिन्याच्या घामाच्या धारांत, पोटातलं पाणी उतरावं म्हणून लघवीची गोळी चालू असलेल्या रुग्णाच्या अंगातलं पाणी झपाट्याने आटू शकतं, आणि तेही निमित्त ठरतं. गोळीमुळे पोटॅशियमही घटू शकतं. आणि पोटॅशियम घटलं की आपली मूत्रपिंडं स्वतःच जास्त अमोनिया बनवू लागतात!

औषध काय, तर एक साखर! लॅक्टुलोज आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवतात, आम्ल तयार होतं, त्यात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. भरकटलेलं भान पुष्कळदा अशा गोड पातळ औषधाने परत येतं. मात्र ते अति झालं तर जुलाब होतात, पाणी कमी होतं आणि तेच नवं निमित्त ठरतं.

म्हणून घरच्यांनो, रुग्णाला रोज दोन-तीन वेळा मऊ शौच होते ना, ते पाहा. झोपेची गोळी मनाने देऊ नका. भीतीपोटी वरण-अंडी बंद करू नका, त्याने स्नायू झडतात, आणि स्नायूही अमोनियाचा निपटारा करतात. बोलण्यात घोळ, काळी चिकट शौच किंवा ताप दिसला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. निमित्त वेळेत सापडलं, तर माणूस बहुधा पुन्हा भानावर येतो.