बॉयलर एक, तापमाने अनेक

डिसेंबरातल्या पहाटे नगरकडची थंडी अंगाला चांगलीच झोंबते. पूर्वी अशा वेळी घरोघरी तांब्याचा बंब पेटत असे. आजोबांना पाणी कढत हवे, धाकट्याला कोमट. म्हणून कोणी दोन बंब पेटवीत नसे. ज्याने त्याने आपल्या बादलीत हवे तेवढे विसण घालायचे, की काम झाले! विस्तव एकच, पण ऊब प्रत्येकाला हवी तशी. हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर कशी वापरतात, ते आज पाहू.

थंड देशांतील पुष्कळ घरांत तळघरात एक बॉयलर असतो. त्यात ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरते. भिंतीलगतच्या रेडिएटरमधून ते हवेला उष्णता देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे येते. आता समजा, साऱ्या घराला एकच थर्मोस्टॅट आहे आणि तो दिवाणखान्यात आहे. ऊन येऊन दिवाणखाना तापला, की थर्मोस्टॅट बॉयलर बंद करणार आणि सावलीकडची झोपायची खोली गारठणार!

यावर उपाय म्हणजे घराचे दोन-तीन विभाग पाडणे. प्रत्येक विभागाला वेगळी नळी, नळीवर विजेवर चालणारी झडप आणि त्या विभागात स्वतःचा थर्मोस्टॅट. खोली गार झाली, की थर्मोस्टॅट झडप उघडवतो. झडप उघडल्यावर तिच्यातील लहानसा स्विच पंप व बॉयलर सुरू करतो. शेवटची झडप मिटली, की दोन्ही थांबतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. साऱ्या वाटा बंद आणि खाली आग चालू, अशी स्थिती आली तर पाणी धोकादायकपणे तापेल. एखाद्या खोलीत फरशीखालून नळ्या नेलेल्या असल्या, तर तेथे ३५ ते ४५ अंशांचेच पाणी लागते. मग परतीचे निवालेले पाणी गरम पाण्यात मिसळतात. म्हणजे पुन्हा विसणच!

आपल्याकडे घरे तापवावी लागत नाहीत. पण एकाच बॉयलरवर वेगवेगळी तापमाने सांभाळण्याचे काम अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात दर हंगामात चालते. ते साखर कारखान्यांत! विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्यानंतर जिल्ह्यात असे अनेक कारखाने निघाले.

उसाच्या रसात पाणीच फार. शंभर किलो रसात साखर व इतर विरघळलेले पदार्थ मिळून साधारण १५ किलो असतात. त्यांचे प्रमाण शेकडा ६० पर्यंत वाढवायचे, तर ७५ किलो पाणी उडवावे लागते. गुऱ्हाळात हे पाणी काहिलीतून वाफ होऊन हवेत जाते आणि तिच्याबरोबर उष्णताही जाते. कारखान्याला ही उधळपट्टी परवडत नाही. शिवाय रस फार वेळ फार तापला, तर साखर खराब होते आणि रंग काळवंडतो. म्हणजे एकीकडे पुष्कळ उष्णता हवी, दुसरीकडे तापमान कमी हवे. हे कसे जमावे?

उत्तर प्रेशर कुकरने दिले आहे. दाब वाढला, की पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. मग दाब कमी केला तर? तर ते १०० अंशांच्या आतच उकळेल. घरात झडप पाण्याची वाट उघडते वा अडवते, कारखान्यात दाब तापमान ठरवतो.

बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून उच्च दाबाची वाफ करतात. बॉयलर एकाहून अधिक असले, तरी त्यांची वाफ एकाच मुख्य नळीत एकत्र येते. ही वाफ आधी टर्बाइन फिरवते. तेथून बाहेर पडताना तिचा दाब उतरलेला असतो, पण तापमान अजून १२० अंशांच्या आसपास असते. ती पहिल्या बंद पात्रातील नळ्यांभोवती सोडतात. आतील रस सुमारे १०५ अंशांना उकळतो. या रसाची वाफ दुसऱ्या पात्राला तापवते. तेथे दाब कमी, म्हणून रस ९५ अंशांच्या सुमारास उकळतो. तिसऱ्यात ८२ आणि चौथ्यात, जवळजवळ निर्वातात, ५५ अंशांच्या आसपास. रस जितका दाट, तितका ताप कमी!

वाफ थिजून पाणी होताना आपली अप्रकट उष्णता पुढच्या पात्राला देते. त्यामुळे चार पात्रांत १ किलो वाफ सुमारे ४ किलो पाणी उडवते. आता हिशेब करा. ७५ किलो पाण्यासाठी ७५ किलोऐवजी १९ किलोच्या आसपास वाफ पुरते. उरलेल्या बगॅसवर वीज निर्माण करता येते. पहिल्या नळ्यांवर थिजलेले शुद्ध पाणी, रेडिएटरमधील पाण्याप्रमाणेच, बॉयलरकडे परतते. या पद्धतीचे पेटंट नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकन अभियंत्याने १८४३ मध्ये घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून पाहा. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये ६०-७० अंशांचे थोडे पाणी घ्या. आतली हवा काढून टाका. तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. खाली आग नसताना पाणी बुडबुडे सोडत उकळू लागेल!

बंब असो, घर असो की कारखाना, आग मोठी करण्याआधी एक प्रश्न विचारावा: उष्णता कोठे, किती आणि कोणत्या तापमानाला हवी आहे? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाले, की इंधन वाचतेच.