त्र्याण्णवचं नाटक

“९१ मूळ संख्या आहे, असं का म्हणतोस?” “पाढ्यांत नाही म्हणून!”

भावी शिक्षकांच्या हाती असे दोन संवाद द्यायचे आणि पुढचं नाटक त्यांनाच लिहायला सांगायचं. कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या रिना झाझकिस, नॅथली सिंक्लेअर आणि पीटर लिल्येदाल यांची ही पद्धत. या पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक २०१३चं. पाठ टाचणात उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन लिहिलं की सुटका होते. इथे मूल काय बोलेल तेही शिक्षकानंच लिहायचं!

पण हाच प्रसंग बदलापूरच्या डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेच्या वर्गात दिला तर? तीसपर्यंत पाढे घोकलेलं पोर लगेच म्हणेल, “तेरा साते एक्क्याण्णव.” नाटक पहिल्याच ओळीत संपलं. कॅनडात पाढे साधारण बारापर्यंत, म्हणून ९१ फसवी. मग आपली फसवी संख्या कोणती? ६२ किंवा ७४ पाढ्यांत नाहीत, पण त्या सम. लगेच पकडल्या जातात. मूळ नसलेल्या विषम संख्या तपासत गेलं की पहिली सापडते ती ९३. फक्त दोन घरं पुढे!

आता लिहून बघू.

“बाई, ९३ मूळ आहे. कुठल्याच पाढ्यात नाही.”
“एकतिसाच्या पाढ्यात?”
“तो कुठे येतो मला?... एकतीस त्रिक त्र्याण्णव! मग काय, दर वेळी पुढचा पाढा पाठ करायचा?”

हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्या बाईंनाच अडवतं. उल्हासनगरात ते आणखी वेगळं येईल. घरी सिंधी, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी अशा मुलाची शंका कानाला खरी वाटायला हवी. ‘लीलावती’ आठवा: ११५०मध्ये भास्कराचार्यांनी त्या गणिताच्या ग्रंथात मुलीला उद्देशून प्रश्न विचारले. तिच्या शंका मात्र त्यांनी लिहिल्या नाहीत. मला वाटतं, खरी गंमत तिथेच राहिली.

आता बाईंचं उत्तर. गुणक जोडीनं येतात. ९३ची अशी कुठलीही जोडी घ्या, दोघेही दहा किंवा त्याहून मोठे असते तर गुणाकार किमान १०० झाला असता. म्हणजे एक तरी दहाच्या आत हवा. २, ३, ५, ७ ने भागून पाहा, बस! ९३ तिनाशी सापडते, ९७ कुणालाच सापडत नाही, म्हणून ती मूळ. हे चार भागाकार १२०पर्यंत पुरतात. १२१ला पाचवा लागतो, अकराचा.